ठिगळाला ठिगळ म्हणावे

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी बोलावतानाच अट घातली होती की नोकरीतल्या बढत्या आणि मुलांचे मार्क यांवर कोणी बोलायचे नाही. आवडीचा एखादा विषय घ्यायचा आणि जेवणाची घंटा व्हायच्या आत संपवायचा. मला ही अट फार आवडली. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यावर बोलले असते तर मागच्या बाकावरची मंडळी पूर्वीसारखीच खिडकीबाहेर बघत बसली असती. म्हणून आज मी एका जहाजाची गोष्ट आणली आहे.

जहाज आपले नाही, अमेरिकेचे आहे. नाव यॉर्कटाउन, साल १९४२. इतिहासाच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांची आधीच क्षमा मागते, कारण मला लढायांच्या सनावळ्यांपेक्षा त्या लढायांमधल्या पान्या-हातोड्यांत जास्त रस आहे. बाँब पडल्यावर पुढच्या दहा मिनिटांत कोणी काय केले, कोणता नळ बंद केला, कोणता मुद्दाम उघडा ठेवला, हे वाचायला मला आवडते. त्या वाचनातून माझे एक मत बनत गेले. आपल्याकडे ‘जुगाड’ या शब्दाचे फार कौतुक होते. ऐन वेळी काहीतरी शक्कल लढवून काम भागवले की आपण पाठ थोपटून घेतो. यॉर्कटाउनची गोष्ट वरवर पाहता अशाच शक्कलीची वाटते. नीट पाहिले की ती वेगळीच निघते.

आधी जहाजाची ओळख करून देते. विमानवाहू नौका म्हणजे तरंगता विमानतळ. सगळ्यात वर सपाट डेक, म्हणजे धावपट्टी. तिच्याखाली हँगर, तिथे विमाने उभी असतात. विमाने वर-खाली नेण्यासाठी मोठाल्या लिफ्ट. त्याच्या खाली मजल्यांवर मजले: खलाशांच्या खोल्या, कोठारे, बाँब आणि दारूगोळा, बॉयलर, इंजिने. आणि या सगळ्याच्या शेजारी विमानांसाठी लाखो लिटर पेट्रोल. आग, वाफ, स्फोटके आणि पेट्रोल एकाच घरात नांदतात, आणि त्या घरावर शत्रू बाँब टाकतो. यॉर्कटाउन सुमारे अडीचशे मीटर लांब होती. तिला नऊ बॉयलर होते, आणि धडधाकट असताना तिचा वेग ३२ नॉटच्या वर जाई, म्हणजे ताशी जवळपास ६० किलोमीटर.

८ मे १९४२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला कोरल समुद्रात जपानी विमानांनी तिला गाठले. सुमारे २५० किलोचा एक बाँब डेक फोडून आत शिरला आणि काही मजले भेदून खाली फुटला. मृत आणि गंभीर जखमी मिळून ६६ माणसे गेली. आजूबाजूला पाण्यात पडलेल्या बाँबच्या दणक्याने तळाच्या पत्र्यांचे सांधे सुटले आणि इंधन-तेल गळू लागले.

या बाँबच्या वाटेत एक दुरुस्ती पथक होते. त्याचा प्रमुख होता लेफ्टनंट मिल्टन रिकेट्स. बाँब त्यांच्या खोलीतून आरपार गेला आणि बरोबर खाली फुटला. पथकातली माणसे मेली, जखमी झाली किंवा बधिर होऊन पडली. रिकेट्स स्वतः वाचण्यापलीकडे जखमी झाला होता. त्याने आगीच्या नळाची चावी उघडली, होजपाइप थोडा ओढला, पाण्याचा जोरदार फवारा आगीवर धरला आणि मग तो कोसळला. त्याला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळाले. मी हे शौर्य म्हणून सांगत नाही, ते तर आहेच. माझ्या डोळ्यांपुढे येतो तो चावीकडे गेलेला हात. चावी कुठे आहे हे त्या क्षणी शोधायला वेळ नव्हता. ते हाताला आधीपासून माहीत होते.

त्याच दिवशी, त्याच लढाईत यॉर्कटाउनची जोडीदार लेक्झिंग्टन हिलाही दोन टॉर्पेडो आणि काही बाँब लागले. तिच्या लोकांनी उत्तम काम केले. आगी आटोक्यात आणल्या, कललेले जहाज सरळ केले, विमाने पुन्हा उतरवून घ्यायला सुरुवात केली. सगळे सावरले असे वाटत होते. पण टॉर्पेडोच्या धक्क्याने पेट्रोलच्या टाक्यांना तडे गेले होते आणि पेट्रोलची वाफ खालच्या मजल्यांवर पसरत होती. चालू राहिलेल्या विजेच्या यंत्रांची ठिणगी पडली आणि दुपारी पाऊण वाजण्याच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. त्यानंतर स्फोटांची मालिकाच सुरू झाली. संध्याकाळी अमेरिकेच्याच विनाशिकेने टॉर्पेडो मारून लेक्झिंग्टन बुडवली. दिसणारे सगळे दुरुस्त झाले होते. जहाज गेले ते न दिसणाऱ्या गोष्टीमुळे.

आता यॉर्कटाउनकडे परत येऊ. तेलाचा माग सोडत ती २७ मे रोजी हवाईतल्या पर्ल हार्बरला पोहोचली. नुकसान पाहून अंदाज बांधला गेला की पूर्ण दुरुस्तीला ९० दिवस लागतील. पण अमेरिकनांनी जपानी नौदलाचे सांकेतिक संदेश फोडले होते. जून उजाडताच मिडवे बेटावर मोठा हल्ला होणार हे त्यांना कळले होते. जपानच्या चार मोठ्या विमानवाहू नौका येणार होत्या. अमेरिकेकडे तिथे पोहोचू शकतील अशा दोनच होत्या, एंटरप्राइज आणि हॉर्नेट. तिसरी हवी असेल तर ती हीच, जखमी. २८ मे रोजी तिला सुक्या गोदीत घेतले. पाणी पुरते उपसले जायच्या आतच खुद्द ॲडमिरल निमित्झ गमबूट घालून तळाखाली उतरले, नुकसान पाहिले आणि सांगितले की जहाज तीन दिवसांत परत हवे.

९० दिवसांचे काम तीन दिवसांत कसे होते? मैत्रिणींनो, आपल्यापैकी जिने जिने घर चालवले आहे तिला उत्तर माहीत आहे. ते होत नाही. तीन दिवसांत तीन दिवसांचेच काम होते. प्रश्न एवढाच उरतो की ते तीन दिवस कोणत्या कामाला द्यायचे.

सुमारे १४०० कामगार रात्रंदिवस जहाजावर राबले. त्यांनी डेकमधले भोक बुजवले, म्हणजे विमाने उडतील आणि उतरतील. तळाच्या सुटलेल्या सांध्यांवर पत्रे बसवले, म्हणजे पाणी आत येणार नाही आणि तेल बाहेर जाणार नाही. आतल्या वाकलेल्या पोलादी भिंतींना लाकडाचे टेकू दिले. रीतसर आराखडे काढायला सवड नव्हती. जागेवरच माप घ्यायचे, पत्रा कापायचा, वेल्डिंग करायचे. आपल्याकडचा जुना फॅब्रिकेशनवाला दारात येऊन, टेप लावून, खडूने खूण करून ग्रिल बसवतो, तसेच, फक्त आकार अजस्र.

आणि काय सोडून दिले? बॉयलरचा एक पूर्ण गट दुरुस्त केलाच नाही. त्यामुळे जहाज आता पूर्वीच्या वेगाने धावणार नव्हते, हे सगळ्यांना माहीत होते आणि ते मान्य करूनच पुढचे बेत आखले गेले. मला या कहाणीत सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट कोणती वाटत असेल तर ही. त्यांनी ‘सगळे ठीक केले’ असे कोणी म्हटले नाही. हे ठीक आहे, हे ठीक नाही, आणि ठीक नसलेले घेऊन आपण निघतो आहोत, असा हिशेब होता.

ठिगळ माणसांनाही लागले. यॉर्कटाउनच्या विमानदलाची कोरल समुद्रात खूप हानी झाली होती. तेव्हा साराटोगा या दुसऱ्या नौकेच्या तुकड्या हवाईत होत्या, त्यांना यॉर्कटाउनवर चढवले. ज्यांनी एकमेकांबरोबर कधी काम केले नव्हते अशा तुकड्या एका जहाजावर आल्या. त्याच लढाईतून परतलेली जपानी नौका झुइकाकू हिच्या अंगावर ओरखडाही नव्हता. पण तिची विमाने आणि वैमानिक फार गेले होते, म्हणून ती मायदेशी थांबली आणि मिडवेला आलीच नाही. एक फुटके जहाज उसन्या विमानांनिशी निघाले आणि एक धडधाकट जहाज विमानांविना बंदरात राहिले. ३० मे रोजी यॉर्कटाउन पर्ल हार्बरमधून बाहेर पडली, तेव्हा काही दुरुस्ती कामगार अजून जहाजावरच होते.

४ जून. मिडवेची लढाई. सकाळी एंटरप्राइज आणि यॉर्कटाउनच्या विमानांनी काही मिनिटांच्या अवधीत जपानच्या तीन विमानवाहू नौका पेटवल्या, अकागी, काग आणि सोर्यू. यांतली सोर्यू यॉर्कटाउनच्या विमानांनी टिपली. तीन दिवसांच्या कामाची किंमत तिथेच वसूल झाली म्हणा. पण चौथी नौका हिर्यू शाबूत होती, आणि तिची विमाने दुपारी बाराच्या सुमारास यॉर्कटाउनवर आली.

विमाने येत आहेत हे कळताच जहाजावर काय झाले ते ऐका. डेकवर पेट्रोलची सुमारे ३००० लिटरची एक सुटी टाकी होती, ती सरळ समुद्रात ढकलून दिली. मग पेट्रोलचे सगळे नळ रिकामे केले आणि त्यांत कार्बन डायऑक्साइड भरला. हा वायू जळत नाही आणि दुसऱ्याला जळू देत नाही. रसायनशास्त्राच्या तासाला पेटती मेणबत्ती विझवून दाखवली होती ना, तोच. ही कल्पना जहाजाच्या पेट्रोल विभागाचे ऑस्कर मायर्स यांची. लेक्झिंग्टन कशामुळे गेली हे सगळ्यांनीच पाहिले होते. जेमतेम चार आठवड्यांच्या आत त्यावरचा उपाय यॉर्कटाउनच्या नळांतून वाहत होता.

तीन बाँब लागले. पहिल्याने डेकला सुमारे तीन मीटर लांबी-रुंदीचे भगदाड पडले आणि खाली हँगरमधल्या विमानांनी पेट घेतला. तिथले अधिकारी लेफ्टनंट इमर्सन यांनी ताबडतोब पाण्याचे फवारे उघडले आणि मोठी आग होऊ दिली नाही. दुसरा बाँब धुराड्यात शिरून फुटला. त्याचा धूर आणि वायू उलटे बॉयलरच्या खोल्यांत घुसले. पाच बॉयलर विझले. तिसरा बाँब लिफ्टजवळून खोल गेला आणि चिंध्या-कापडाच्या कोठारात आग लागली. शेजारीच पेट्रोलच्या टाक्या आणि दारूगोळा. दारूगोळ्याच्या कोठारांत पाणी सोडले आणि पेट्रोलच्या भागात कार्बन डायऑक्साइड. लेक्झिंग्टनवर जे झाले ते इथे झाले नाही.

तरीही जहाज समुद्रात उभे राहिले. उभे जहाज म्हणजे पुढच्या हल्ल्यासाठी मांडून ठेवलेले ताट. पण एक बॉयलर, क्रमांक एकचा, विझला नव्हता. त्या खोलीतही धूर भरला होता. तिथल्या माणसांनी जागा सोडली नाही आणि आग तेवत ठेवली. त्या एका बॉयलरच्या वाफेवर पंप आणि बाकीची लहान यंत्रे चालू राहिली, म्हणून इतर बॉयलर पुन्हा पेटवता आले. घरातला एक निखारा राखून ठेवला की सकाळी चूल पेटवता येते, आपल्या आज्या हेच करत.

वर डेकवर त्याच वेळी भगदाडावर लाकडाच्या तुळया आणि पोलादी पत्रे टाकून ते झाकत होते. चार, पाच आणि सहा क्रमांकाचे बॉयलर पेटले. पुरते दोन तासही झाले नव्हते. बिघाडाचा बावटा खाली उतरला आणि ‘माझा वेग ५’ असा संकेत वर चढला. सोबतच्या जहाजांवरून जल्लोष झाला. वेग वाढत २० नॉटच्या जवळ गेला आणि विमानांत पुन्हा पेट्रोल भरायला सुरुवात झाली.

आणि मग ती प्रसिद्ध गोष्ट घडली. हिर्यूवरून दुसरी लाट आली, १० टॉर्पेडो विमाने आणि ६ लढाऊ विमाने. त्यांचा प्रमुख तोमोनागा याच्या विमानाची एक पेट्रोल टाकी सकाळीच फुटली होती, दुरुस्तीला वेळ नव्हता, आणि परत येता येणार नाही हे माहीत असून तो निघाला होता. त्यांना समोर एक नौका दिसली. वेगाने चाललेली, आग नाही, धूर नाही. पहिली तर पेटलेली होती, तेव्हा ही दुसरीच असणार, असे समजून त्यांनी तिच्यावर हल्ला केला. ती यॉर्कटाउनच होती. जपान्यांची समजूत झाली की आपण दोन वेगवेगळ्या नौका निकामी केल्या.

गोष्ट इथे थांबवली की टाळ्या पडतात. बहुतेक लोक इथेच थांबवतात. पण दुरुस्तीची खरी परीक्षा पुढे आहे.

दोन टॉर्पेडो डाव्या कुशीत लागले. सगळे बॉयलर विझले, सगळी वीज गेली, जहाज २३ अंशांहून जास्त कलले. नुकसान-नियंत्रण अधिकारी ऑल्ड्रिच यांनी कळवले की विजेशिवाय पाणी आवरणे शक्य नाही. इंजिन विभागाच्या डिलेनी यांनीही तेच सांगितले. एका बाजूला शिरलेल्या पाण्याला तोल म्हणून दुसऱ्या बाजूच्या टाक्यांत पाणी घ्यायचे, तर पंप हवेत आणि पंपाला वीज हवी. माणसे तीच, कौशल्य तेच, हिंमतही तीच. पण राखून ठेवलेला निखारा या वेळी नव्हता. शक्कल लढवायची तर ती कशावर लढवायची? जहाज उलटेल या भीतीने कॅप्टन बकमास्टर यांनी ते सोडण्याचा हुकूम दिला. दोन हजारांहून जास्त माणसे सोबतच्या जहाजांनी उचलून घेतली.

त्याच संध्याकाळी यॉर्कटाउनच्याच टेहळणी विमानांनी शोधून दिलेली हिर्यू पेटवली गेली, आणि पेटवणाऱ्यांत एंटरप्राइजवर आसरा घेतलेली यॉर्कटाउनची विमानेही होती.

यॉर्कटाउन मात्र बुडाली नाही. रात्रभर तरंगत राहिली, दुसरा दिवसही तरंगत राहिली. ६ जूनला २९ अधिकारी आणि १४१ खलाशी परत तिच्यावर चढले. हॅमन नावाची विनाशिका शेजारी बांधून तिच्याकडून वीज आणि पंपाचे पाणी घेतले. कोठारातली आग विझवली. वजन कमी करायला डाव्या बाजूची एक तोफ कापून समुद्रात टाकली. जहाज दोनेक अंश सरळ झाले. वाचणार असे वाटू लागले. तेवढ्यात आय-१६८ या जपानी पाणबुडीने चार टॉर्पेडो सोडले. एकाने हॅमनचे दोन तुकडे केले, ती काही मिनिटांत बुडाली. दोन यॉर्कटाउनला लागले. ७ जूनच्या सकाळी ती उलटली आणि बुडाली. १९९८ मध्ये संशोधक रॉबर्ट बॅलार्ड यांच्या मोहिमेला ती सापडली, पाच किलोमीटर खोल पाण्यात.

आता कोणी म्हणेल, मग त्या दुरुस्तीचा उपयोग काय झाला? मला वाटते, तीन दिवसांच्या ठिगळाने जेवढे कबूल केले होते तेवढे दिले. एका लढाईपुरते ते लावले होते आणि एक लढाई ते टिकले. त्याने अमरत्व कबूल केले नव्हते.

याच्या उलट उदाहरण दोन वर्षांनी घडले. जपानची ताइहो ही नवीकोरी नौका, डेकला चिलखत घातलेली, १९४४ च्या मार्चमध्ये नौदलात आली. १९ जूनच्या सकाळी अल्बाकोर या अमेरिकन पाणबुडीचा एकच टॉर्पेडो तिला लागला. पुढची लिफ्ट अडकली आणि डेकमध्ये मोठा खड्डा राहिला. खलाशांनी भोजनगृहातली टेबले आणि बाके आणून तो खड्डा झाकला आणि तासाभरात विमाने पुन्हा उडू लागली. ऐकायला किती छान! जुगाड म्हणून याला पहिले बक्षीस मिळेल. पण खाली पेट्रोलच्या टाक्यांना तडे गेले होते. वाफ साठत होती. ती बाहेर काढायला एका अधिकाऱ्याने हवा खेळवणारी सगळी यंत्रणा पूर्ण जोरात सुरू करायला सांगितली. वाफ बाहेर गेली नाही, सगळ्या जहाजभर पसरली. टॉर्पेडो लागल्यानंतर साडेसहा तासांनी ठिणगी पडली आणि जहाज फुटले.

ताइहोच्या खलाशांची हुशारी किंवा कष्ट यॉर्कटाउनच्या खलाशांहून कमी नव्हते. मग फरक कुठे? एका जहाजाने न दिसणाऱ्या धोक्याची तयारी शांतपणे आधीच केली होती. दुसऱ्याने दिसणारे भोक आधी बुजवले आणि काम चालू झाले म्हणजे संकट टळले असे धरले. आपल्याकडे म्हण आहे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ताइहोवर अगदी तसेच झाले, आणि दुर्दैव असे की त्या बंबानेच आग पसरवली.

एक उदाहरण आपल्या घरचे देते, कारण ते मुंबईतले आहे. आपली पहिली विमानवाहू नौका विक्रांत. संग्रहालय असताना आपल्यापैकी काहींनी मुलांना नेऊन ती दाखवलीही असेल. १९७० मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत तिच्या बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमांना तडे गेलेले आढळले. ते वेल्डिंगने दुरुस्त होण्यासारखे नव्हते. नवे ड्रम इथे मिळत नव्हते, ते ब्रिटनकडे मागवले. १९७१ उजाडले, पूर्वेकडे युद्धाची चिन्हे दिसू लागली, आणि ड्रम आले नव्हते. मग काय केले? तड्यांवर काहीतरी फासून ‘झाले’ असे म्हटले नाही. मार्चमध्ये बॉयलर कमी दाबावर पेटवले, चाचण्या घेतल्या आणि मर्यादा ठरवून दिली. वाफेचा दाब दर चौरस इंचाला ४०० पौंडांच्या वर न्यायचा नाही. त्यामुळे वेग १४ नॉटच्या आसपास राहणार, जहाज मुळात २४ नॉटच्या वर धावणारे असले तरी. विमानवाहू नौकेला हे फार जाचक असते, कारण विमान उडायला समोरून वारा लागतो आणि तो जहाजाच्या वेगातूनही मिळतो. तरी त्या मर्यादेत काम कसे करायचे याचा सराव केला गेला. ४ डिसेंबर १९७१ रोजी कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या हाताखालच्या विक्रांतवरून सी हॉक विमाने उडाली आणि कॉक्स बझार व चितगावच्या विमानतळ-बंदरांवर हल्ले झाले. तडे तसेच होते. त्यांच्याबद्दल कोणी कोणाला फसवले नव्हते, एवढेच.

माझ्या कामाचा एकच परिच्छेद बोलते, संयोजकांनी दोन मिनिटे कानांवर हात ठेवावेत. आमच्याकडे रात्री दोन वाजता एखादी यंत्रणा बंद पडते. लोकांचे पैसे अडकतात, कुणाचे तिकीट, कुणाचे औषधाचे बिल. तेव्हा आम्हीही ठिगळच लावतो. त्याला आमच्या भाषेत पॅच म्हणतात, म्हणजे शब्दशः ठिगळच. त्याची मला लाज वाटत नाही, लावावेच लागते. पण मी माझ्या हाताखालच्या मुलामुलींना एक नियम पाळायला लावते. ठिगळ लावले की तिथेच लिहायचे: हे ठिगळ आहे, हे कशासाठी लावले, किती दिवस चालेल, आणि काय दुरुस्त केलेले नाही. शेवटचा मुद्दा लिहायला सगळे कंटाळतात. सकाळी साहेबांना ‘चालू झाले’ सांगितले की शाबासकी मिळते, काय राहिले हे सांगितले की प्रश्न विचारले जातात. म्हणून लोक गप्प बसतात. सहा महिन्यांनी ते तात्पुरते आहे हे कोणालाच आठवत नाही, आणि मग त्यावर मजले चढवले जातात.

हे फक्त संगणकात होते असे नाही. पावसाळ्यापुरती टाकलेली ताडपत्री दहा वर्षे छपरावर असते. एका परीक्षेपुरती घेतलेली उसनी शिक्षिका पाच वर्षे त्याच अर्ध्या पगारावर शिकवते. आईला बरे नव्हते म्हणून एका बहिणीने महिनाभरासाठी घेतलेली जबाबदारी आयुष्यभर तिच्याकडेच राहते, आणि बाकीच्यांना वाटते की व्यवस्था छान लागली आहे. ‘ती करते ना सगळे, छान सांभाळते.’ सांभाळते खरी. पण यॉर्कटाउनवरच्या क्रमांक एकच्या बॉयलरखोलीत माणसे धुरात उभी होती म्हणून जहाज चालत होते, ही गोष्ट वरच्या डेकवरून दिसत नाही. काम चालू आहे म्हणजे सगळे ठीक आहे, असे नसते. कोणीतरी धुरात उभे आहे असाही त्याचा अर्थ असू शकतो.

जुगाडाविरुद्ध माझी तक्रार एवढीच आहे. शक्कल वाईट नाही. पण ती ऐन वेळी आकाशातून पडत नाही. यॉर्कटाउनची शक्कल म्हणजे आधी केलेल्या कंटाळवाण्या कवायती, शेजारच्या जहाजाच्या मृत्यूतून घेतलेला धडा, हाताशी ठेवलेली लाकडे आणि चावीकडे न बघता जाणारा हात. पी.टी.चे सर हसत आहेत, कारण कवायतीच्या तासाला सगळ्यात जास्त कुरकुर आमचीच वर्गतुकडी करायची. सर, तुम्ही तेव्हा म्हणायचात ते बरोबर होते, आता सगळ्यांसमोर मान्य करते.

शेवटी एक विनंती. उद्या घरी गेल्यावर एका कागदावर लिहून काढा की तुमच्या घरात, दुकानात, शेतात, ऑफिसात ‘तात्पुरते’ म्हणून लावलेले काय काय अजून तसेच आहे. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहा: ते किती दिवसांसाठी लावले होते, आणि ते कोणाच्या जिवावर टिकले आहे. त्यातले सगळे लगेच बदलता येणार नाही, मला ठाऊक आहे. तीन दिवसांत तीन दिवसांचेच काम होते. पण ज्या नावापुढे तुमचा हात थांबेल, त्या माणसाला फोन करा आणि विचारा, तुझ्या वाटणीतले थोडे मी घेऊ का?